चिखलालाही कारण हवं: रणगाड्याच्या मॉडेलकडे परतताना

शाळेत असताना विमानं, रणगाडे जोडले, पुढे नोकरी-संसारात तो डबा माळ्यावर गेला आणि आता मुलं मार्गी लागल्यावर हात पुन्हा शिवशिवायला लागले, अशी माणसं मला सोलापुरात भेटत असतात. कुणी रेल्वेत आहे, कुणी बँकेतून निवृत्त झालंय. जोडायचं कसं हे त्यांच्या बोटांना आठवतं. अडतं ते त्याच्या पुढे. आपल्या लहानपणी मॉडेल हिरवं रंगवलं, निशाण्या पाण्यात भिजवून चिकटवल्या की काम संपायचं. आता लोकांनी केलेली मॉडेलं पाहिली तर त्यांवर धूळ बसलेली असते, कडांचा रंग उडालेला असतो, तेल ओघळलेलं असतं, चाकांच्या आत चिखल वाळलेला असतो. याला सगळे वेदरिंग म्हणतात. परत येणारा प्रत्येक जण मला विचारतो, हे कुठून सुरू करू?

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाईंग खात्यात आहे. शेड जुळवणं हे माझं रोजचं काम. तरीही माझं उत्तर रंगाच्या बाटलीपासून सुरू होत नाही. रणगाड्यावरच्या प्रत्येक डागाला कारण असतं. तो कुठल्या जमिनीवर चालला, कोणत्या महिन्यात, माणसं कुठून चढली-उतरली, डिझेल कुठून भरलं, हे आधी ठरवायचं. मगच बाटली उघडायची. तंत्रं सगळी शिकता येतात, आणि ती मी पुढे सांगतोच. पण कारण न ठरवता केलेलं वेदरिंग नुसतं मळकं दिसतं.

माळ्यावरचा डबा

जुना किट सापडला असेल तर तो टाकू नका, पण आधी नीट तपासा. जुन्या रणगाड्यांच्या किटमध्ये पट्टे, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या साखळ्या, मऊ व्हिनाइलचे असायचे. हे पट्टे वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या चाकांना टेकून राहिले, तर व्हिनाइलमधलं रसायन पॉलिस्टायरीन विरघळवतं आणि चाकावर पट्ट्याचा ठसा खोल उमटतो. डबा उघडल्यावर पहिलं काम म्हणजे पट्टे वेगळ्या पिशवीत ठेवणं. नवीन किटमध्येही हीच सवय लावून घ्या.

निशाण्यांचा कागद, म्हणजे डेकल, पिवळा पडला असेल तर इथं सोलापूरचं ऊन कामाला येतं. कागद झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, निशाण्यांची बाजू उन्हाकडे करा. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात टाकण्याआधी त्यावर क्लिअर वार्निशचा एक हात मारा, नाहीतर जुनी डेकल पाण्यात पडताच तुकडे तुकडे होते. वार्निश मारल्यावर प्रत्येक निशाणी कडेने कापून घ्यावी लागते, कारण आता सगळा कागद एकच पापुद्रा झालेला असतो.

जुना ट्यूबमधला घट्ट गोंद मात्र सोडून द्या. आता पाण्यासारखा पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा गोंद, मिळतो. दोन भाग कोरडेच एकमेकांना लावून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक टेकवायचं. तो केशाकर्षणाने आपोआप आत शिरतो आणि प्लॅस्टिक प्लॅस्टिकला जोडून टाकतो. फेव्हिक्विक फक्त धातूच्या किंवा रेझिनच्या बारीक भागांसाठी ठेवा.

किट निवडताना एक सांगतो. पहिलाच मोठा, शेकडो सुट्या कड्यांच्या पट्ट्याचा आणि फोटो-एचच्या (रसायनाने कोरलेल्या बारीक धातूच्या) पत्र्यांचा किट घेऊ नका. तुम्हाला वेदरिंग शिकायचंय, तर जोडणी लवकर संपणारा साधा १/३५ प्रमाणातला रणगाडा घ्या. या प्रमाणात पावणेसहा फुटी माणूस साधारण पाच सेंटिमीटर होतो, त्यामुळे झाकणाची कड, बिजागरी, बोल्ट हे सगळं ब्रशच्या आवाक्यात येतं. १/७२ लहान घरात सोयीचं आहे, पण त्यावर शिकणं अवघड.

सामान गावातच मिळतं

खास मॉडेलचे रंग मागवावे लागतात, त्याला इलाज नाही. बाकीचं बरंच सोलापुरात मिळतं आणि स्वस्त मिळतं. सर्जिकल दुकानात क्रमांक ३ ची मूठ आणि क्रमांक ११ ची पाती मागा. प्लॅस्टिक कापायला त्याहून चांगला चाकू मी वापरलेला नाही. तिथेच सिरिंज घ्या, थिनर मोजायला. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात पाण्याचा पॉलिश पेपर ४०० पासून १५०० पर्यंत मिळतो. स्टेशनरीच्या दुकानात ६बी पेन्सिल, कॅमलच्या तैलरंगांच्या लहान ट्यूबा आणि कोरडे सॉफ्ट पेस्टल मिळतात. ऑईल पेस्टल नकोत, ते मेणकट असतात आणि त्यांची पूड होत नाही.

तैलरंग कोणते? बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, टायटॅनियम व्हाइट आणि एक काळा. एवढ्यावर कितीतरी वर्षं निघतात. पातळ करायला चांगल्या प्रतीचं टर्पेंटाईन लागतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या सुट्या टर्पेंटाईनची प्रत प्रत्येक खेपेला वेगळी असते, म्हणून आधी टाकाऊ प्लॅस्टिकवर लावून बघा. आणि एनसी थिनर मॉडेलच्या जवळही आणू नका. फर्निचरवाल्यांचं ते काम छान करतं, पण पॉलिस्टायरीन वितळवतं.

एअरब्रशविषयी सगळ्यांना घाई असते. ब्रशनेही मूळ रंग चांगला देता येतो, दोन-तीन पातळ थरांत. पण शक्य असेल तर घ्या, कारण धूळ आणि फिकटपणा हे फवाऱ्याने सहज जमतं. ०.३ मिलिमीटरचा नोझल आणि दुहेरी क्रियेचा खटका, म्हणजे एकाच बोटाने हवाही आणि रंगही ताब्यात ठेवणारा, एवढं पुरे. दाब १५ ते २० पीएसआय ठेवा.

आपल्या गावाची हवा इथं आडवी येते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठक्क असते. ॲक्रिलिक रंग नोझलपासून मॉडेलपर्यंत पोहोचेस्तोवरच वाळतो. मग पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो आणि नोझलच्या टोकावर रंगाची गाठ धरते. त्या दोन महिन्यांत मी फवारणीचं काम पहाटे सहाच्या सुमारास करतो, पंखा बंद, रंग नेहमीपेक्षा पातळ, आणि त्यात दोन थेंब रिटार्डर, म्हणजे रंग वाळणं लांबवणारं द्रव्य. खिडकी उघडी आणि तोंडाला एन-९५ मास्क हे मात्र बाराही महिने. फवाऱ्याचे बारीक कण फुप्फुसात गेले तर बाहेर येत नाहीत. टर्पेंटाईनच्या वाफेला हा मास्क अडवत नाही, त्यासाठी मोकळी हवाच लागते.

आधी उसाची ट्रॉली बघा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. गाळपाचा हंगाम सुरू झाला की होटगी रोडला, विजापूर रोडला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. तिथे जाऊन उभे राहा. मी मोबाइलवर चाकांचे, मडगार्डचे, हुकांचे फोटो काढत होतो, तेव्हा एका ट्रॅक्टरवाल्याने वरून विचारलं, "काय बघायलात काका?"

म्हटलं, "चिखल बघतोय. हा कधीचा रे?"

तो खाली उतरला. "हा वरचा काळा आजचा, फडातला. त्याखालचा पांढुरका कालचा, वाळलेला. अन् आत बिजागरीत बसलाय ना, तो धुतल्याबिगर निघत नाही. हंगाम संपला की मग धुतो."

त्याने मला चिखलाचे तीन थर सांगितले, आणि मॉडेलवर चिखल याच क्रमाने चढवायचा असतो. सगळ्यात आत जुना, वाळून फिकट झालेला, जवळपास सगळीकडे. त्यावर मध्यम रंगाचा, कमी जागेत. सगळ्यात वर ओला, गडद, किंचित चकाकणारा, अगदी थोडा, पट्ट्याला आणि चाकाच्या कडेला. नवखा माणूस उलट करतो. गडद चिखल सगळीकडे थापतो आणि मॉडेल शेणाने सारवल्यासारखं दिसायला लागतं.

आणखी काय बघायचं? धूळ आडव्या जागेवर आणि कोपऱ्यात साचते. उभ्या पत्र्यावर ती पावसाने ओघळते, म्हणून तिथे बारीक उभ्या रेषा. माणूस जिथे पाय ठेवून चढतो तिथली धूळ पुसलेली असते आणि रंग झिजलेला. जेसीबीचं बकेट बघा: जमिनीला घासणारी धार चांदीसारखी चकचकीत, आणि दोन बोटं वर लगेच तपकिरी गंज. वापरातल्या यंत्रावर भडक नारिंगी गंज कमीच असतो. तो भंगारात पडलेल्या यंत्रावर दिसतो. रणगाडा लढाईत आहे की भंगारात, हे तुमच्या गंजाच्या रंगावरून कळायला हवं.

मात्र इथली काळी माती तशीच उचलून मॉडेलला लावू नका. माझ्या टेबलावर सध्या पंजाबातल्या खेमकरण भागातला पॅटन, म्हणजे पाकिस्तानचा अमेरिकन बनावटीचा रणगाडा, आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये, ८ ते १० तारखांना, असल उत्तरजवळ आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने शेतांत पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन त्या दलदलीत रुतले. उभ्या उसाच्या आडून आपले ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन रणगाडे त्यांची वाट बघत होते. मॉडेल करणाऱ्याला याहून भरलेला प्रसंग कुठला हवा? ऊस तोच, पण माती पंजाबची, नदीने आणलेली गाळाची, करड्या-तपकिरी रंगाची. सोलापूरचा काळा चिखल त्या पॅटनला लावला तर जाणकार माणूस पहिल्या नजरेत ओळखेल. काळी माती ओली कशी दिसते, वाळल्यावर किती फिकट होते, भेग कशी पडते, चाकाच्या कडेला कशी दाबून बसते, हे वागणं आपण इथं शिकायचं. रंग मात्र त्या रणभूमीचा घ्यायचा.

आकारासाठी आणि बारीक तपशिलांसाठी एकदा अहिल्यानगरला जाऊन या. टेंभुर्णी-करमाळ्यावरून रस्ता आहे. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये सुरू झालं. देशोदेशीचे रणगाडे उघड्यावर ओळीने उभे आहेत. झाकणाच्या कडा केवढ्या जाड, तोफ बसवलेल्या ओतीव बुरुजाचा पृष्ठभाग किती खडबडीत, वेल्डिंगची शिवण कशी, हे हाताच्या अंतरावरून दिसतं. फक्त तिथल्या रंगावर विसंबू नका. जपणुकीसाठी ते पुन्हा पुन्हा रंगवले जातात, त्यामुळे तो रंग रणांगणावरचा नसतो.

मूळ रंग, आणि शेडची गोष्ट

डाईंगमध्ये आम्ही कुठलीही शेड ट्यूबलाइटखाली पास करत नाही. एकच कापड ट्यूबखाली जुळलेलं दिसतं आणि दिवसाच्या उजेडात वेगळं पडतं. मॉडेलचा हिरवाही असाच फसवतो, ऑलिव्ह तर जास्तच, कारण त्यात पिवळा, काळा आणि थोडा लालसर असं सगळं मिसळलेलं असतं. रंग सकाळच्या उजेडात खिडकीपाशी तपासा. मॉडेल ज्या दिव्याखाली कायम राहणार आहे, त्या दिव्याखालीही एकदा बघा.

दुसरी गोष्ट, लहान तुकड्यावर रंग गडद भासतो. खऱ्या रणगाड्याचा बरोब्बर हिरवा मॉडेलवर दिला तर तो काळपट वाटतो, आणि पुढे धुवण (फटींत सोडायचा अगदी पातळ गडद रंग) आणि माती बसल्यावर आणखी काळवंडतो. म्हणून मूळ रंगात दहा-पंधरा टक्के फिकट रंग मिसळा. पांढरा घालू नका, हिरवा दुधाळ होतो. फिकट पिवळसर किंवा बदामी घाला.

मग वरच्या आडव्या पत्र्यांवर अजून फिकट रंगाचा अगदी पातळ फवारा, कडा सोडून मध्यभागी. ऊन वरून पडतं, त्यामुळे रंग तिथेच विटतो. नवी पेठेत दुकानाबाहेर टांगलेल्या चादरींची उन्हाकडची घडी कशी उतरलेली असते ते आठवा, तसाच उतार दिसायला हवा, भेदक पट्टा नको.

एक दिवस पूर्ण वाळू द्या. त्यावर ॲक्रिलिक ग्लॉस वार्निश. चकचकीत पृष्ठभागावर डेकल सपाट बसतात, खडबडीत मॅटवर त्यांच्याखाली हवा अडकते आणि त्या चंदेरी दिसतात. डेकल बसल्यावर सॅटिन वार्निशचा एक हात. पुढच्या सगळ्या प्रयोगांना हा थर कवच म्हणून राहतो: खाली ॲक्रिलिक, वर तैलरंग आणि टर्पेंटाईन. वरचं पुसलं तरी खालचा रंग हलत नाही. हेच एक सूत्र लक्षात ठेवा. मूळ रंग जुन्या डबीतल्या इनॅमलचा असेल आणि मध्ये वार्निश नसेल, तर टर्पेंटाईन लावताच तो उचलून येतो.

हे सगळं पहिल्यांदा चांगल्या मॉडेलवर करू नका. कुठलंही टाकाऊ चिलखत घ्या, जुना अर्धवट किट, सुटा बुरुज, काहीही. त्याला हिरवा मारा आणि पुढचं प्रत्येक तंत्र आधी त्यावर. माझ्याकडे असा एक बुरुज आहे, त्यावर थरांवर थर चढलेत, आणि नवीन रंग आला की अजूनही पहिला मान त्याचाच.

धुवण, ठिपके, ओघळ

तैलरंग ट्यूबमधून थेट वापरू नका. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढा आणि अर्धा तास ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, मग रंग लवकर वाळतो आणि चकाकत नाही.

पहिलं धुवण. एक भाग बर्न्ट अंबर, चिमूटभर काळा, नऊ-दहा भाग टर्पेंटाईन. सगळ्या मॉडेलवर फासायचं नाही. बारीक ब्रश भरून बोल्टच्या बुडाशी, झाकणाच्या फटीत, वेल्डच्या कडेला फक्त टेकवा. थेंब फटीतून स्वतःच धावतो. ते बघण्यात मला अजूनही मोठा आनंद मिळतो. पंधरा-वीस मिनिटांनी जेमतेम ओलसर ब्रशने बाहेर पसरलेलं पुसा. नुसता काळा वापरू नका. हिरव्यावर काळी रेष व्यंगचित्रासारखी दिसते, तपकिरी मिसळून जाते.

दुसरे ठिपके. एका पत्र्यापुरता भाग टर्पेंटाईनने किंचित ओला करा. त्यावर ऑकर, पांढरा, अंबर असे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्या, विखरून. मग स्वच्छ ओलसर ब्रशने, उभ्या पत्र्यावर वरून खाली ओढत, आडव्या पत्र्यावर नुसतं टपटप करत, ते जवळपास नाहीसे होईपर्यंत मिसळा. राहील ती रंगाची बारीक हालचाल. हिरवा एकसुरी राहत नाही, कुठे पिवळसर, कुठे मातकट होतो. सगळ्या तंत्रांत हे मला सर्वांत प्रिय. याला संयमाशिवाय काही लागत नाही. ठिपके कमी द्या, जास्त वेळ मिसळा.

ओघळही याच रंगांनी. हुकाखालून, बोल्टखालून एक बारीक रेष काढा, दहा मिनिटं थांबा, सपाट ओलसर ब्रशने दोन्ही बाजूंनी खाली ओढा. वर गडद, खाली विरत जाणारी. पाणी जिथून खरंच वाहील तिथेच. सगळ्या ओघळांची लांबी सारखी झाली की खोटं वाटतं.

तेलाचे डाग देताना इंजिन कुठलं ते बघा. रशियन बनावटीचा टी-५५ रणगाडा डिझेलवर चालतो, त्याच्या जादा टाक्या उजव्या फेंडरवर, म्हणजे पट्ट्यावरच्या पत्र्यावर, आणि धुराड्याचं तोंड डाव्या फेंडरवर मागे. म्हणून उजवीकडे झाकणांभोवती सांडलेल्या डिझेलचे गडद, चकचकीत डाग, आणि डावीकडे काजळी. सेंच्युरियनचं मिटिऑर इंजिन पेट्रोलचं. पेट्रोल उडून जातं, मागे डाग फार ठेवत नाही, तिथे इंजिनाच्या तेलाचेच काय ते द्यावेत. डागासाठी अंबर, काळा आणि थोडं ग्लॉस वार्निश, दोन-तीन वेगवेगळ्या घट्टपणात, एकावर एक.

तैलरंगाला वाळायला दिवस द्या. आपल्या कोरड्या हवेत लवकर होतं, तरी दोन-तीन दिवस हात लावू नका.

उडालेला रंग

इथे हात आवरायला शिका. १/३५ वर एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर. एवढे टवके सगळीकडे असतील तर तो रणगाडा आहे की खडी फोडायचं यंत्र?

फोमचा लहान तुकडा चिमट्यात धरा, रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळपास कोरडा करा, मग कडांवर हलकेच टेकवा. आधी मूळ हिरव्याहून फिकट हिरवा. हे वरवरचे ओरखडे. त्यातल्या मोजक्यांच्या मध्ये बारीक ब्रशने गडद चॉकलेटी, जिथे रंग लोखंडापर्यंत गेला. झाकणाच्या कडा, फेंडरची टोकं, अवजारांच्या पेटीचे कोपरे, चढायच्या जागा. बुरुजाच्या मधोमध कुणी पाय ठेवत नाही. धातूचाही विचार करा: सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन एम-११३ गाडीचं चिलखत ॲल्युमिनियमचं आहे, त्यावर गंजाचे ओघळ दाखवले तर चूक. तिथे टवका करडा-चंदेरी.

मोठा रंग उडालेला दाखवायचा, म्हणजे फेंडर किंवा धुराड्याचं कवच, तर हेअरस्प्रेचं तंत्र. आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर वार्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके थर. पंधरा मिनिटांनी वर ॲक्रिलिक हिरवा. मग पाण्याने ओला करून ताठ ब्रशने घासा. खालचा हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो आणि हिरवा तुकड्यांनी निघतो. पुस्तकी सल्ला काही तासांत करा असा असतो. उन्हाळ्यात आपल्याकडे मी अर्ध्या तासातच पाणी लावतो, नाहीतर वरचा थर इतका घट्ट होतो की निघता निघत नाही.

पट्टे, धूळ, चिखल

पट्ट्यांना मूळ रंग गडद तपकिरी-करडा. मग पट्टा कसला आहे ते बघा. टी-५५ चा पट्टा पोलादी, जमिनीला घासणारा भाग चकाकतो, आणि आतल्या बाजूला चाकांच्या मधून जाणारे दातही. तिथे ६बी पेन्सिलची पूड बोटाने घासा, चंदेरी रंगाहून ती खूप खरी दिसते. पॅटनच्या पट्ट्याला रबराचे पॅड आहेत. रबर चकाकत नाही. तिथे पॅड धुळकट काळे ठेवा आणि ग्रॅफाइट, म्हणजे तीच पेन्सिलची पूड, फक्त कडेच्या धातूच्या जोड्यांना, ज्यांत दातेरी चाक अडकतं.

धुळीसाठी सॉफ्ट पेस्टल पॉलिश पेपरवर घासून पूड करा: बदामी, करडा, तपकिरी. मॉडेलवर आता मॅट वार्निश मारा, म्हणजे पूड धरते. कोरड्या ब्रशने कोपऱ्यात पूड ठेवा, वर टर्पेंटाईनचा थेंब सोडा. ओलं असताना काहीच दिसणार नाही, वाळल्यावर धूळ वर येते. घाबरून आणखी टाकू नका, आधी वाळू द्या. जास्त झाली तर टर्पेंटाईनच्या ओल्या कापसाने उचलून घ्या.

चिखलासाठी पूड, अगदी बारीक चाळलेली माती आणि ॲक्रिलिक मॅट मीडियम, म्हणजे न चकाकणारं बिनरंगी ॲक्रिलिक. माती घ्यायची तर आधी तव्यावर भाजा आणि मलमलीतून दोनदा चाळा. अर्ध्या मिलिमीटरचा कणही १/३५ वर पावणेदोन सेंटिमीटरचा दगड होतो. मीडियमऐवजी फेव्हिकॉल चालतो, पण तो वाळल्यावर चमकतो, त्यावर पुन्हा पूड टिपावी लागते. फिकट थर आधी, चाकांच्या आत आणि खालच्या चिलखतावर, ब्रशने टोचत. मग मध्यम रंगाचा ताठ ब्रश भरून आइस्क्रीमच्या काडीवर ओढा, शिंतोडे उडतील. चाक ज्या दिशेने चिखल फेकेल त्याच दिशेने ते उडवा, वरच्या भागाला कागद आडवा धरून. शेवटी गडद, थोडं ग्लॉस घातलेलं मिश्रण, पट्ट्याच्या खालच्या भागाला आणि चाकांच्या कडांना. असल उत्तरच्या पॅटनला मी हा ओला थर चाकांच्या आसांच्याही वर नेतोय, कारण तो खरंच रुतलेला होता. पुढचा विचार डिसेंबर १९७१ च्या बसंतर नदीवरच्या लढाईतल्या, पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटच्या सेंच्युरियनचा आहे. त्याला हिवाळ्यातली कोरडी धूळ जास्त आणि चिखल फक्त पट्ट्यांना.

धूळ आणि चिखल झाल्यावर वर वार्निश मारू नका. पूड त्यात बुडते, गडद होते आणि सगळी मेहनत दिसेनाशी होते. अगदी शेवटी धुराड्यापाशी काळ्या पेस्टलची काजळी, तीही कोरडीच. मग मॉडेल फळ्यावर स्क्रूने खालून पक्कं करा, म्हणजे पुन्हा कधी हातात धरावं लागणार नाही, आणि वर पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी ठेवा. आपल्या गावची खरी धूळ आठवड्याभरात बसते आणि तिचे कण १/३५ ला फार मोठे आहेत. पेटी खिडकीच्या समोर किंवा गच्चीखालच्या तापणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नका. मे महिन्यात बंद पेटी आत भट्टीसारखी तापते आणि तोफेची बारीक नळी वाकते.